काचेवर उतरलेला इतिहास

१९३१ साली जर्मनीतील कोलोन शहराच्या नभोवाणी केंद्रावरून छायाचित्रणाची एक व्याख्यानमाला ध्वनिक्षेपित झाली. वक्ता त्याच शहरातील पंचावन्नीच्या घरातला एक धंदेवाईक छायाचित्रकार होता. त्याचे नाव आउगुस्ट झांडर. ज्या साधनातून डोळ्यांना यत्किंचितही काही दिसावयाचे नाही, त्या साधनातून चित्रांविषयी बोलावयाचे, हा प्रकार वरवर पाहता विचित्रच म्हटला पाहिजे. परंतु झांडरचे म्हणणेच असे होते की, छायाचित्र ही साऱ्या जगाला कळणारी भाषा आहे. तिला कोश लागत नाही की व्याकरण लागत नाही. मालेतील पाचवे व्याख्यान त्याने याच एका मुद्द्यावर खर्च केले. त्याच वर्षी त्या नभोवाणी केंद्रात काम करणाऱ्या एका चिटणीस स्त्रीचे छायाचित्रही त्याने काढले. आखूड कापलेले केस, सडपातळ बांधा, बोटांत सिगारेट, आणि नजर थेट पाहणाराकडे. चित्राखाली त्या बाईचे नाव नाही. फक्त तिचा हुद्दा आणि साल. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण झांडरच्या चाळीस वर्षांच्या उद्योगाचे मर्म तीतच साठविलेले आहे. तो उद्योग काय होता, तो कसा वाढला, आणि त्याच्यापायी व त्याच्याभोवती काय काय घडले, हा या लेखाचा विषय आहे.

कोलोन हे नाव आपल्या घरांतून अगदीच अनोळखी नाही. तापकऱ्याच्या कपाळावर ज्या यूडीकोलनची पट्टी ठेवीत, ते सुगंधी पाणी मुळात याच गावचे. झांडर मात्र जन्माने कोलोनचा नव्हे. त्याचा जन्म १७ नोव्हेंबर १८७६ रोजी, कोलोनच्या आग्नेयेस डोंगराळ मुलखात असलेल्या हेरडोर्फ या लोखंडाच्या खाणींच्या गावी झाला. बाप खाणीतला सुतार; बोगद्यांना लाकडी टेकू द्यावयाचे हे त्याचे काम. जोडीला थोडी शेती. शाळा संपताच मुलगाही खाणीवर रुजू झाला आणि खाणीतून निघालेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यावर राबू लागला. अशात एके दिवशी खाणीची चित्रे घेण्यासाठी एक छायाचित्रकार तेथे आला, आणि त्याला वाट दाखविण्याचे व सामान वाहण्याचे काम या पोराच्या वाट्यास आले. काम आटोपल्यावर त्याला कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर डोळा लावावयास मिळाला. रोजच्या पायाखालचा तो डोंगर, वरचे ढग, सारे त्या वीतभर काचेत उतरलेले! मुलाचे आयुष्य तेथेच ठरले. एका मामा-काकाने पैसा दिला, कॅमेरा आला, बापाच्या मदतीने घरीच अंधारखोली उभी राहिली.

पुढील काही वर्षे भराभर सांगून टाकता येतील. ट्रीर येथील लष्करी सेवा, तेथेच फावल्या वेळात एका छायाचित्रकाराकडे उमेदवारी, मग ऑस्ट्रियातील लिंट्स शहरी नोकरी आणि थोड्याच काळात त्याच स्टुडिओची मालकी. १९०२ साली आना नावाच्या मुलीशी विवाह झाला. लिंट्समध्ये झांडरने नाव कमावले, पदके मिळविली. त्या काळी धंद्यातील प्रतिष्ठित मंडळींचा सारा भर छायाचित्र हे रंगवलेल्या चित्रासारखे दिसावे यावर असे. कडा धूसर करावयाच्या, चेहऱ्यावरील सुरकुत्या निगेटिव्हवर पेन्सिलीने बुजवावयाच्या, खरखरीत कागदावर गोंद व रंग चढवून तैलचित्राचा आव आणावयाचा. झांडरही हेच करीत होता, आणि उत्तम करीत होता. पुढे त्याने ज्या गोष्टीचा त्याग केला ती त्याला येत नव्हती म्हणून नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

१९१० च्या सुमारास तो कोलोनला आला व लिंडेनथाल या उपनगरात त्याने स्टुडिओ थाटला. शहरात नव्या माणसाला गिऱ्हाईक सहजी मिळेना. तेव्हा त्याने आपला मोहरा बालपणीच्या मुलखाकडे वळविला. कॅमेरा व काचा सायकलवर लादून तो वेस्टरवाल्डच्या खेड्यांतून हिंडू लागला. शेतकऱ्यांना नाटकी पडदे आणि खोटे खांब नको होते. आपल्या दारात, आपल्या शेताच्या बांधावर, अंगावर आपलेच काळे रविवारचे कपडे अशी तसबीर त्यांना हवी होती. धंद्याची गरज म्हणून झांडरने ती काढली. एखादा म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेला, एखादी म्हातारी मांडीवर धर्मग्रंथ घेऊन बसलेली, एखादे जोडपे अर्धशतकाच्या संसारानंतर शेजारी शेजारी, अशी ही चित्रे आहेत. हीच चित्रे एका प्रचंड ग्रंथाची पहिली पाने होणार आहेत, ही कल्पना त्या वेळी त्याच्या स्वप्नातही नसावी.

१९१४ साली घेतलेले एक चित्र तर आज जगभर ओळखले जाते. उघड्या माळावरच्या वाटेने तीन तरुण नाचाच्या समारंभास चालले आहेत. काळे सूट, हॅट, हातात बारीक काठ्या. कोणी हाक मारावी तसे ते मागे वळून पाहात आहेत. डावीकडच्याच्या तोंडात सिगारेट असून त्याची हॅट किंचित कलली आहे. चित्राखालचे शब्द एवढेच : 'तरुण शेतकरी'. साल वाचताच पाहणाराच्या मनात चर्र होते, कारण त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. तिघेही त्या वणव्यात गेले आणि त्यांपैकी एक परत आला नाही. या चित्रासंबंधाने आणखी एक गोष्ट पुढे उजेडात आली, तिचा उल्लेख थोड्या वेळाने करू.

युद्धात झांडरलाही लष्करात जावे लागले. मागे स्टुडिओ सांभाळला तो आनाने. युद्ध संपले तेव्हा जर्मनीत कैसर उरला नव्हता, नाण्याची किंमत उरली नव्हती, आणि कालपर्यंत ज्यांची जागा समाजात पक्की होती त्यांपैकी पुष्कळांची ती जागाही उरली नव्हती. कोलोनमध्ये याच सुमारास काही तरुण चित्रकारांचा एक गट होता. फ्रांत्स विल्हेल्म झायवर्ट व हाइनरिख ह्योर्ले हे त्यांतले प्रमुख. एकेका व्यक्तीचे रूप रंगविण्यापेक्षा समाजाची घडण चित्रातून दाखवावी, असा त्यांचा कटाक्ष असे. झांडरची त्यांच्याशी मैत्री जमली. त्यांच्या सहवासात त्याने आपल्या जुन्या निगेटिव्हच्या पेट्या पुन्हा उघडल्या आणि तीच शेतकऱ्यांची चित्रे त्याला निराळी दिसू लागली. पूर्वी खरखरीत कागदावर धूसर करून छापलेली काच त्याने तांत्रिक कामांसाठी वापरतात त्या गुळगुळीत चकचकीत कागदावर छापून पाहिली. कोटाच्या बाहीवरचे ठिगळ, नखातली माती, डोळ्यांभोवतीचे जाळे, सारे लख्ख दिसू लागले! फोटो घेताना जे गिऱ्हाइकाला नको होते व छायाचित्रकाराने लपविले होते, तेच आता मोलाचे ठरले. दीर्घ मुदतीच्या कामांचा हा एक स्वभावच असावा : पुष्कळदा त्यांचा आरंभ, आपण आरंभ केला हे कळण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

येथून पुढे झांडरचा बेत आकार घेऊ लागला. नाव ठरले 'विसाव्या शतकातील माणसे'. सबंध समाजाचे त्याने सात गट पाडले. शेतकरी, कारागीर, स्त्री, निरनिराळे वर्ग व पेशे, कलावंत, महानगर, आणि सर्वांत शेवटी 'शेवटची माणसे', म्हणजे आंधळे, व्याधिग्रस्त, वेडे व मृत. या सात गटांची मिळून पंचेचाळीस संपुटे, आणि प्रत्येक संपुटात बारा चित्रे. आपल्या गावगाड्यातील बारा बलुतेदारांची आठवण व्हावी असाच हा आकडा आहे! सुतार, लोहार, गवंडी, वकील, न्यायाधीश, शाळामास्तर, सर्कशीतले कसरतपटू, फेरीवाले, उमराव, भिकारी, जो तो आपापल्या खणात. शेतकऱ्यांच्या बारा चित्रांचे एक मूळ संपुट त्याने अगदी आरंभी ठेवले. जमिनीशी बांधलेला माणूस हा समाजवृक्षाचे मूळ, आणि बाकीचे सारे त्यातून फुटलेले, अशी त्याची धारणा होती.

आता ही धारणा खरी मानावी काय? समाज हा असा खणाखणांच्या कपाटासारखा असतो, हे म्हणणे आज कोणी मान्य करणार नाही, आणि त्या काळीही ते थोडे जुनाटच होते. 'स्त्री' हा एक निराळाच गट, जणू काही शेतकरीण, कामकरीण व शिक्षिका या आपापल्या धंद्याच्या गटात बसूच शकत नाहीत! तीत कित्येक स्त्रिया अमक्याची पत्नी एवढ्याच नात्याने येतात. आणि त्या तीन तरुण शेतकऱ्यांची गोष्ट पाहा. पुष्कळ वर्षांनी संशोधकांनी माग काढला तेव्हा असे आढळले की ते शेतकरी नव्हतेच. जवळच्याच लोखंडाच्या खाणीत त्यांची कामे होती. म्हणजे जो झांडर स्वतः खाणीतून वर आला, त्यानेच खाणीवरच्या पोरांना शेतकऱ्यांच्या खणात घातले. आराखड्याला शेतकरी हवे होते, चित्र बसले. माणूस मात्र आराखड्याबाहेर उरला. हा दोष लहान नाही. तथापि झांडरचे मोठेपण आराखड्यात शोधावयाचे नाही. ते शोधावयाचे त्याच्या रीतीत.

ती रीत अशी. १९२५ नंतर खिशात मावणारे चपळ लायका कॅमेरे बाजारात आले. चालत्या माणसाला नकळत टिपण्याची सोय झाली. झांडर आपल्या जुन्या लाकडी कॅमेऱ्याला आणि काचांना धरून राहिला. तिपाई उभी करावयाची, काळे कापड डोक्यावर घ्यावयाचे, आणि पुढच्या माणसाने कित्येक सेकंद स्तब्ध राहावयाचे. एवढा वेळ कोणालाही खोटे हसता येत नाही. माणूस सावरतो, स्वतःला गोळा करतो, आणि जगाने आपल्याला कसे पाहावे असे त्याला वाटते तसा तो उभा राहतो. झांडर त्याला अमुक कर, तमुक कर असे सांगत बसत नसे. फार तर हातात त्याच्या धंद्याची एखादी वस्तू असे. शक्यतो माणसाच्या नेहमीच्याच जागी चित्र घ्यावयाचे, उंची डोळ्यांच्या पातळीची, प्रकाश असेल तो. न्यायाधीशाला जेवढे अंतर तेवढेच भिकाऱ्याला, आणि दोघांनाही तितकाच मान. ही रीत त्याने तीस-चाळीस वर्षांत बदलली नाही. त्यामुळेच एका चित्राशेजारी दुसरे ठेवले की ती दोन्ही बोलू लागतात.

नमुन्यादाखल १९२८ सालची दोनच चित्रे घेऊ. एकात केक-मिठाई करणारा एक गोलमटोल कारागीर आहे. पांढरा डगला, टक्कल, भरघोस मिशा, एका हाताने मोठे पातेले धरलेले आणि दुसऱ्याने ढवळणे चालू. आपल्या भटारखान्यात तो राजासारखा उभा आहे. दुसऱ्यात गवंड्याच्या हाताखालचा एक बिगारी आहे. मानेवर आडवी फळी आणि तीवर विटांची रास. सगळा भार घेऊन तो सरळ कॅमेऱ्याकडे पाहतो आहे. डोळ्यांत तक्रार नाही की आर्जव नाही. या चित्रांत दया उत्पन्न करण्याचा हेतू दिसत नाही. त्याच सुमारास अमेरिकेत व इतरत्र गरिबांची चित्रे सुधारणेच्या चळवळीसाठी काढली जात होती, आणि त्यांनी मोठे कामही केले. झांडरचा मार्ग तो नव्हे. तो वकिली करीत नाही, साक्ष नोंदवितो.

पोट कसे चालत असे हा प्रश्न सुज्ञांच्या मनात येईलच. या कामाला कोणा राजाचा, संस्थेचा वा सरकारचा आश्रय नव्हता. लग्नाचे फोटो, कारखान्यांचे फोटो, इमारतींचे फोटो यांवर घर चालले, आणि त्यातूनच काचांचा खर्च निघाला. कित्येक चित्रे तर गिऱ्हाइकांनी पैसे देऊन काढून घेतलेलीच आहेत. त्यांची प्रत गिऱ्हाइकाच्या भिंतीवर गेली आणि काच झांडरच्या पेटीत राहिली. १९२७ साली कोलोनमध्ये या कामाचे पहिले प्रदर्शन भरले. त्यात सुमारे शंभर चित्रे होती. ते पाहून कुर्ट वोल्फ या प्रकाशकाच्या मनात पुस्तक काढावयाचे आले, आणि १९२९ साली साठ चित्रांचे एक पुस्तक बाहेर पडले. नावाचा अर्थ 'काळाचा चेहरा' असा होतो. आरंभ शेतकऱ्यापासून, मग कारागीर, व्यापारी, विद्वान अशी चढण, आणि मग उतरण लागून शेवटचे पान एका बेकाराचे. तो रस्त्याच्या कोपऱ्याशी उभा आहे, मुंडलेले डोके, टोपी हातात. १९२९ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला आणि थोड्याच काळात जर्मनीत लक्षावधी माणसे त्या कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. पण पान आधीच छापले गेले होते.

पुस्तकाची प्रस्तावना आल्फ्रेड ड्योब्लिन या कादंबरीकाराने लिहिली. शरीरशास्त्राचा अभ्यासक जसा निरनिराळ्या प्राण्यांचे अवयव शेजारी ठेवून तुलना करतो, तशी येथे चेहऱ्यांची तुलना करून समाजशास्त्र लिहिले आहे, असा त्याचा अभिप्राय होता. १९३१ साली वाल्टर बेंजामिन या समीक्षकाने आणखी पुढचे सांगितले. सत्ता लवकरच हातबदल करील, आणि मग समोरच्याचा चेहरा वाचता येणे ही प्रत्येकाची निकड होईल. अशा दिवसांसाठी हे पुस्तक तालमीच्या नकाशासारखे उपयोगी पडेल, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. दोन वर्षांच्या आत ते भाकीत फळास आले. १९३३ साली हिटलर अधिकारावर आला. ड्योब्लिन परदेशी निघून गेला. झायवर्ट त्याच वर्षी वारला. बेंजामिनलाही देशत्याग करावा लागला आणि १९४० साली फ्रान्स-स्पेनच्या सरहद्दीवर त्याने स्वतःचा अंत करून घेतला. झांडरचा आणखी एक चित्रविषय झालेला मित्र, ओटो फ्रॉइंडलिख हा ज्यू चित्रकार व शिल्पकार, १९४३ साली पोलंडमधील मैदानेक छळछावणीच्या भक्ष्यस्थानी पडला.

झांडरच्या घरावर घाला आला तो १९३४ साली. थोरला मुलगा एरिख हा समाजवादी कामगार पक्षाचा कार्यकर्ता होता. नाझींनी बंदी घातल्यावरही पक्षाचे काम त्याने गुप्तपणे चालू ठेविले. तो पकडला गेला आणि त्याला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. १९३६ साली 'काळाचा चेहरा' या पुस्तकाच्या शिल्लक प्रती जप्त झाल्या व छपाईचे ठसे नष्ट करण्यात आले. याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. पोरगा राजद्रोही, आणि बापाचे पुस्तक असे की त्यात सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा, ताठ मानेचा आदर्श जर्मन औषधालाही सापडत नाही! सापडतो तो मिठाईवाला, बिगारी, ज्यू, क्रांतिकारक, सर्कसवाला, बेकार. वंशश्रेष्ठतेचा डोलारा ज्या एका कल्पित चेहऱ्यावर उभारला होता, त्या चेहऱ्याला या साठ खऱ्या चेहऱ्यांनी खोटे पाडले होते.

यानंतर झांडरने उघडपणे ऱ्हाइन नदीची, डोंगरांची, झाडापानांची चित्रे घेण्यास आरंभ केला. कोणी म्हणेल, माणूस भ्याला. मुलगा ज्यांच्या कैदेत आहे त्यांच्या राज्यात राहणाऱ्या बापाला भित्रा म्हणणे सोपे आहे. पण काम थांबले नव्हते. स्टुडिओत नाझी अधिकारी गणवेश चढवून फोटो काढून घेण्यास येत होते, आणि झांडर ते फोटो काढीत होता; त्याच अंतरावरून, त्याच स्तब्धतेने. आणि १९३८ च्या सुमारास, सरकारने ज्यू नागरिकांवर ओळखपत्रांची सक्ती केली तेव्हा, कोलोनमधील कित्येक ज्यू स्त्रीपुरुष लहानशा फोटोसाठी याच स्टुडिओत येऊन बसले. दोन्ही प्रकारच्या काचा एकाच कपाटात जमत गेल्या.

इकडे झीगबुर्गच्या तुरुंगात एरिखला बापाचा धंदा कामास आला. कैद्यांचे फोटो काढण्याचे काम तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे दिले. त्याने हुकमाप्रमाणे काम केलेच, शिवाय आपल्या राजबंदी सोबत्यांची चित्रे घेतली आणि त्यांतली काही गुपचूप बाहेर पोहोचविली. ही चित्रे पाहिली म्हणजे बापाची तालीम ओळखू येते. कोठडीत, कैद्याच्या कपड्यात, तरीही माणूस स्वतःला गोळा करून बसला आहे. दहा वर्षांची शिक्षा १९४४ मध्ये पुरी व्हावयाची होती. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात एरिखला आंत्रपुच्छाचा विकार झाला, वेळेवर उपचार झाले नाहीत, आणि तो तुरुंगातच मरण पावला. वय चाळीस. झांडरने मुलाच्या चेहऱ्याचा साचा घेवविला आणि त्या साच्याचे छायाचित्र काढले.

युद्धाच्या मध्यावरच झांडरने निवडक अशा सुमारे दहा हजार निगेटिव्ह कोलोनबाहेर वेस्टरवाल्डमधील कुखहाउझेन या खेड्यात हलविल्या होत्या. त्याचा विचार दूरदर्शी ठरला. १९४४ साली बाँबवर्षावात लिंडेनथालचे घर व स्टुडिओ उद्ध्वस्त झाला. तळघरात ठेवलेल्या निगेटिव्ह मात्र आश्चर्यकारकरीत्या वाचल्या. पण दैव पाहा. युद्ध संपून शांतता झाल्यावर, १९४६ साली, त्याच तळघराला आग लागली आणि सुमारे तीस हजार निगेटिव्ह एका झटक्यात नाहीशा झाल्या. शत्रूच्या विमानांनी जे सोडले ते आगीने घेतले. वयाच्या सत्तराव्या वर्षी, हयातभराच्या कमाईचे तीन हिस्से गेलेले पाहून दुसरा कोणी हाय खाऊन बसला असता. झांडर कुखहाउझेनच्या शेतघरात उरलेला चौथा हिस्सा घेऊन बसला आणि त्याने पुन्हा संपुटे लावावयास घेतली.

या उत्तरवयात त्याने जे केले ते त्याच्या सबंध कामात सर्वांत मोलाचे आहे. जुन्या आराखड्यात त्याने नवी संपुटे घातली. 'वर्ग व पेशे' या गटात सैनिकाच्या पाठोपाठ 'नॅशनल सोशलिस्ट' हे एक संपुट आले. आणि 'महानगर' या गटात 'छळ झालेले' व 'राजबंदी' अशी दोन संपुटे आली. पहिल्यात ते ओळखपत्रासाठी आलेले ज्यू नागरिक. दुसऱ्यात एरिखने तुरुंगात घेतलेली चित्रे. मुलाच्या मृत मुखाच्या साच्यालाही या ग्रंथात जागा मिळाली. ही माणसे त्याने 'शेवटची माणसे' या गटात टाकली नाहीत, इकडे लक्ष द्यावे. ज्यांना राज्यकर्त्यांनी शहरातून हुसकून लावले, पत्रे चिकटवून, गाड्यांत कोंबून नाहीसे केले, त्यांना झांडरने शहराच्याच पानांवर बसविले. शाळकरी पोरे, नोकरचाकर, फेरीवाले व रस्त्यावरचे वाजंत्री यांच्या शेजारी. शेरा नाही, टीका नाही, नाझींच्या चित्राखाली एक कडवट शब्दही नाही. ज्या आराखड्याला आपण मघाशी जुनाट म्हटले, त्याच्याच खणांनी येथे हे काम केले. खण नसते तर कोण कोठे बसला याला अर्थच उरला नसता.

प्रसिद्धी उशिरा आली. १९५१ साली कोलोनच्या फोटोकिना या छायाचित्रण मेळाव्यात त्याची चित्रे मांडली गेली. जुन्या, युद्धपूर्व कोलोन शहराची त्याची चित्रे १९५३ साली नगरपालिकेने विकत घेतली; जळलेले शहर पुन्हा पाहावयाचे तर आता तेवढेच साधन उरले होते. १९५५ साली न्यूयॉर्क येथे एडवर्ड स्टायकन याने 'मानवाचे कुटुंब' हे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरविले, त्यात झांडरचीही चित्रे होती. ते प्रदर्शन देशोदेशी फिरले आणि १९५६ साली मुंबईतही येऊन गेले. मात्र स्टायकनच्या प्रदर्शनाचा सूर सारी माणसे मुळात एकच असा होता. झांडरचा सूर तो नव्हे. माणसांना वेगळे करणारे काय असते, तेच त्याने आयुष्यभर नोंदविले.

२० एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, झांडर कोलोन येथे वारला. 'विसाव्या शतकातील माणसे' हा ग्रंथ त्याच्या हयातीत पुरा होऊन बाहेर पडला नाही. १९८० साली धाकटा मुलगा गुंटर याने ४३१ चित्रांची आवृत्ती काढली. १९९२ साली झांडरचा सारा संग्रह कोलोनमधील एका सांस्कृतिक प्रतिष्ठानाकडे आला, आणि २००२ साली मूळ आराखड्यानुसार सात खंडांत ६१९ चित्रे प्रसिद्ध झाली. पंचेचाळीस संपुटांचा बेत आखला गेला त्याला तोवर पाऊणशे वर्षे होऊन गेली होती.

२०१८ साली पॅरिसमधील ज्यू हत्याकांडाच्या स्मारकात झांडरच्या चित्रांचे एक निराळेच प्रदर्शन भरले. छळ करणारे आणि छळ झालेले, एवढाच त्याचा विषय होता. 'छळ झालेले' या संपुटातील चित्रांखाली झांडरने नावे दिली नव्हती. संशोधकांनी जुनी दप्तरे धुंडाळून त्यांपैकी कित्येकांची नावे आणि पुढची हकीकत शोधून काढली होती, ती तेथे लावली होती. कोण परदेशी निसटला, कोणाला गाडीत घालून पूर्वेकडे नेले, कोण परतला नाही. समोरच गणवेशातील अधिकारी होते, आणि बापाच्या चित्रांशेजारी एरिखने झीगबुर्गच्या कोठडीत काढलेली चित्रे टांगलेली होती.